जुन्या कॅम्पर व्हॅनचा गंजलेला पत्रा घरी दुरुस्त करताना: पाण्याची वाट शोधण्यापासून मेण भरण्यापर्यंत

माझ्या कॅम्पर व्हॅनचा दाराखालचा बाहेरचा पत्रा मी दोनदा बदलला. पहिल्यांदा तो छान बसला होता. वेल्डिंग घासून सपाट केलं, प्रायमर मारला, आणि सहज खालून हात घालून आतला पत्रा चाचपला, तर बोटांना कडक पापुद्रे लागले आणि ओंजळभर तांबडा भुगा खाली आला. बाहेरून नवा, आतून पोकळ वासा. मग तोच नवा पत्रा ग्राइंडरने कापून काढला आणि आतल्या थरापासून पुन्हा सुरुवात केली. हे तुमच्यावर येऊ नये म्हणून हा लेख लिहितोय.

माझी गाडी फोक्सवॅगन टाइप २, म्हणजे सलग मोठ्या पुढच्या काचेची पिढी. जर्मनीत ही पिढी १९६७ ते १९७९ या काळात बनत होती. त्याआधीची, पुढची काच दोन भागांत असलेली गाडी १९५० पासूनची. उदाहरणं मी माझ्याच गाडीची देईन, पण पत्र्याची कोणतीही जुनी व्हॅन असली तरी क्रम हाच राहतो. या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. जमिनीचा पत्रा, त्याखालचे आडवे-उभे दांडे, दाराखालचे उंबरठे आणि वरचं कवच हे सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं असतं आणि सगळं मिळून भार पेलतं. त्यामुळे गंज म्हणजे नुसती दिसण्याची अडचण नाही. उंबरठा गेला की गाडी मधोमध वाकायला लागते, आणि ते सगळ्यात आधी दारांच्या फटींत दिसतं.

## १. आधी पाणी कुठून आलं ते शोधा

रंगाला फोड आलाय तिथे गंज संपतो, तिथे तो सुरू होत नाही. त्याचं मूळ बहुतेक वेळा वर किंवा आत असतं. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो आणि मीठ मिळालं की त्याचा वेग वाढतो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्र्यांच्या जोडात तो शिरला की पाचर ठोकल्यासारखा पत्रे फाकवतो, फट वाढते, आणखी पाणी आत जातं. नुसता फोड खरवडून वर पुट्टी भरली तर काही महिन्यांत तोच फोड तिथेच का उगवतो, याचं कारण हे आहे.

ग्राइंडरला हात लावण्याआधी एक अख्खा दिवस फक्त तपासणीला द्या. सोबत बोथट स्क्रूड्रायव्हर, छोटी हातोडी, पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, टॉर्च आणि खडू घ्या. हातोडीच्या दांड्याने हलके ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो, आणि पुट्टीचा जाड थर असेल तर आवाज मेलेला येतो. चुंबक जिथे धरत नाही तिथे खाली पुट्टी किंवा फायबर आहे असं समजा. स्क्रूड्रायव्हर अंगठ्याच्या जोराने दाबा. पत्रा दबला किंवा कुरकुरला की खडूने गोल करा.

पाणी साधारण असं फिरतं:

- छताची पन्हळ. छताच्या कडेने जाणाऱ्या पन्हळीतला सीलर वाळून तडकतो. पाणी भिंतीच्या दोन पत्र्यांमध्ये उतरतं आणि थेट उंबरठ्यात जाऊन बसतं.
- काचांचे रबर. पुढच्या काचेची खालची चौकट या गाड्यांत फार लवकर जाते. मी रबराची कड नखाने उचलली तेव्हा आतून गढूळ तपकिरी पाणी मनगटावर ओघळलं. चार दिवस पाऊस नव्हता, तरीही.
- उघडणारं छत. कॅम्परचं छत उघडतं तिथल्या सीलमधून आणि बिजागऱ्यांच्या बोल्टांतून पाणी येतं आणि आतल्या लाकडी अस्तरामागे दडून राहतं.
- सरकत्या दाराची खालची पट्टी. इथे माती साचते आणि ओली राहते.
- चाकांच्या कमानी आणि पुढच्या सीटखालची जमीन. खालून चाक चिखल उडवतं आणि वरून पायांचं पाणी जिरतं.
- बॅटरीचा कप्पा. इथे पाण्यापेक्षा ॲसिडने जास्त नुकसान झालेलं असतं.
- जॅक लावण्याच्या जागा आणि त्यांना धरणारे आडवे दांडे. हे कुजलेले असतील तर गाडी जॅकवर घेणंच धोक्याचं ठरतं, म्हणून हे सगळ्यात आधी तपासा.

बाहेर फोड दिसला की त्याच्या रेषेत वर जा. मागच्या कोपऱ्यातल्या फोडाचं मूळ मला छताच्या पन्हळीत, जवळजवळ माणसाच्या उंचीवर सापडलं. ती पन्हळ तशीच ठेवून खालचा पत्रा बदलला असता तर सगळी मेहनत पाण्यात गेली असती.

तपासणी संपली की गाडीचं साधं चित्र काढून त्यावर तीन खुणा करा: भार पेलणारा भाग, बाहेरचा पत्रा, वरवरचा गंज. कामाचा क्रमही तोच. भार पेलणाऱ्या भागांत इतका गंज असेल की दोन्ही बाजूंचे उंबरठे, जमिनीचे दांडे आणि पुढच्या सस्पेन्शनच्या नळीभोवतीचा पत्रा असं सगळंच गेलंय, तर मी स्पष्ट सांगतो, पहिल्या गाडीसाठी हे काम घरी घेऊ नका. तेवढा सांगाडा एखाद्या जाणत्या कारागिराकडून करून घ्या आणि बाकीचं स्वतः करा. त्यात कमीपणा काही नाही.

## २. कागदपत्रं आणि नोंदी

जमवून ठेवा:

- गाडीची नोंदणीची कागदपत्रं
- ठोकलेल्या चासी नंबरचा आणि इंजिन नंबरचा स्पष्ट फोटो
- तुमच्या मॉडेलचं दुरुस्तीचं मॅन्युअल, शक्यतो बॉडीची मापं दिलेलं
- रंगाचा कोड
- तुमच्या भागात भार पेलणाऱ्या भागांच्या वेल्डिंगसाठी लागू असणारे तपासणीचे नियम

ज्या पत्र्यावर चासी नंबर ठोकलेला आहे तो कापायची वेळ आलीच, तर आधी नोंदणी कार्यालयात लेखी विचारणा करा. नंबर असलेला तुकडा कापून दुसरीकडे जोडणं तुम्हाला साधी दुरुस्ती वाटेल, पण कागदावर तो गुन्हा ठरू शकतो. फोक्सवॅगनमध्ये याशिवाय एक छोटी पत्र्याची पट्टी असते, तिला एम-प्लेट म्हणतात. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कारखान्यातून कोणत्या सोयी बसवून आली, हे त्यावर सांकेतिक आकड्यांत असतं. रंग खरवडताना ती फेकली गेली तर गाडीचा जन्मदाखलाच गेला.

प्रत्येक भाग काढण्याआधी चार बाजूंनी फोटो काढा. बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठी घालून. आज सगळं लक्षात राहील असं वाटतं, पण काम वर्षभर चालतं.

## ३. हत्यारं आणि साहित्य

जागा छपराखालची हवी, जमीन सपाट आणि पक्की हवी. उतारावर किंवा मातीवर हे काम करू नका.

हत्यारांत चार इंची ग्राइंडर, त्याला १ मिमीच्या कापायच्या चकत्या आणि पापुद्र्यांच्या घासायच्या चकत्या (पॉलिश पेपरचे तुकडे एकावर एक लावलेल्या), ड्रिल, स्पॉट वेल्ड (कारखान्यात दोन पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेले असतात ते) काढायचं ८ मिमीचं खास पाते, पातळ छन्नी, पत्र्याच्या कात्र्या, बॉडीची हातोडी आणि डॉली (ठोकताना मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा), आणि भरपूर क्लॅम्प. क्लॅम्प कधीच पुरत नाहीत. चार दणकट जॅक स्टँड. वेल्डिंगसाठी मिग मशीन, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवणारं. पत्रा बहुतेक ०.८ ते १ मिमीचा असतो, म्हणून ०.६ मिमीची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण घ्या. गॅसशिवाय चालणारी, आत फ्लक्स भरलेली तार मी आधी वापरून पाहिली. बारीक पत्र्याला ती फार गरम जाते आणि भोकं पाडते. काडीच्या साध्या वेल्डिंगचा तर इथे विचारच नको.

साहित्य: तेलकटपणा काढणारं द्रव, इपॉक्सी प्रायमर, वेल्डिंग चालणारा जस्ताचा प्रायमर, पॉलियुरेथेन सीम सीलर, पुट्टी, ८० ते ६०० नंबरचे पॉलिश पेपर, पोकळीत भरायचं मेण आणि ते मारायची लांब नळी.

तयार पत्रे विकत घेणार असाल तर जाड आणि मूळ आकाराच्या जवळचे घ्या. स्वस्त पत्र्यांच्या घड्या बोथट असतात. ते बसवायला तुमचे जे दिवस जातात त्यांत वाचलेले पैसे केव्हाच बुडतात.

## ४. जिवाशी खेळ नको

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आग. कॅम्पर ही गाडीपेक्षा लाकडी खोलीसारखी पेटते. प्लायवूड, फोम, पडदे, जुनी आवाजरोधक डांबरी पट्टी, सगळं जळाऊ. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळ्या आधी काढून कामाच्या जागेपासून लांब न्या. पेट्रोलची टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. तिच्या जवळपास वेल्डिंग असेल तर टाकी उतरवा. टाइप २ मध्ये त्यासाठी बहुतेक वेळा इंजिन आधी खाली घ्यावं लागतं. वैताग आहे, पण त्याला पर्याय नाही. अग्निशामक आणि पाण्याची बादली हाताशी असू द्या. जमलं तर दुसऱ्या माणसाला पत्र्याच्या मागच्या बाजूला लक्ष ठेवायला उभं करा. शेवटचं वेल्डिंग झाल्यावर निदान तासभर तिथून हलू नका. ठिणगी फोममध्ये शिरून बराच वेळ नुसती धुमसत राहते.

ब्रेक क्लीनर. वेल्डिंगआधी पत्रा पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने आणि किरणांनी त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. तो थोडासाही फुप्फुसं निकामी करू शकतो, आणि त्रास काही तासांनंतर सुरू होतो. डब्यावर क्लोरीन असलेल्या द्रावकाचं नाव दिसलं तर तो डबा कामाच्या जागी आणूच नका.

शिसं. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं आणि कारखान्यातल्या काही जोडांवर शिशाचा भराव असतो. सुकं घासलं की ती धूळ घरभर होते. ओलं घासा, बारीक धुळीसाठीचा पी१०० किंवा पी३ दर्जाचा मास्क लावा, कामाचे कपडे वेगळे धुवा, लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

जस्त. जस्ताचा लेप असलेला नवा पत्रा वेल्ड करण्याआधी कडेचा लेप घासून काढा. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो.

जॅक. गाडी फक्त जॅकवर असताना तिच्याखाली शिरायचं नाही, मिनिटभरासाठीही नाही.

## ५. आतलं सामान उतरवा

कपाटं, पलंग, अस्तर, जमिनीचं लिनोलियम, सगळं बाहेर. “एवढा एक कोपरा तर करायचाय, कपाट राहू दे” असं मनात येईल. राहू देऊ नका. कपाटामागेच ओल जास्त असते.

कपाटाचा भाग काढताना मागच्या बाजूला क्रमांक लिहा. कुजलेलं प्लाय टाकून देऊ नका, नवीन कापायला तोच साचा होतो. काचांची जुनी रबरं उचकटत बसू नका. ती कडक झालेली असतात आणि जोर लावला की काच तडकते. धारदार पात्याने रबराची बाहेरची कड कापून टाका, काच अलगद बाहेर येते. ज्या काचा काढणार नाही त्यांवर ओलं जाड कापड घाला. ग्राइंडरच्या आणि वेल्डिंगच्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते ठिपके कशानेच जात नाहीत.

बॅटरीची दोन्ही टोकं सोडा, अल्टरनेटरची वायर काढा, आणि वेल्डिंगचा अर्थिंगचा चिमटा नेहमी जिथे काम चाललंय त्याच पत्र्यावर लावा.

## ६. आधार द्या, मगच कापा

माझ्या ओळखीच्या दोघांची गाडी इथेच बिघडली. दोघांनीही एका सुटीत दोन्ही बाजूंचे उंबरठे कापले. सांगाडा काही मिलिमीटर खचला, नवे उंबरठे त्याच वाकड्या स्थितीत वेल्ड झाले, आणि सरकतं दार पुन्हा कधी नीट लागलंच नाही.

म्हणून आधी गाडी समपातळीत आणा. स्टँड तिच्या पक्क्या भागांखाली लावा, वजन शक्यतो चाकं बसतात त्या जागांच्या जवळ येऊ द्या. पाणसळ लावून पुढे-मागे आणि डावी-उजवी पातळी बघा. दारं लावून प्रत्येक फट वर, मध्ये आणि खाली मोजा आणि थेट पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा. मग दाराच्या पोकळीत चौकोनी नळी आडवी आणि तिरकी, अशी टाक्यांनी, म्हणजे छोट्या ठिपक्यांसारखं, वेल्ड करा. सरकत्या दाराच्या मोठ्या पोकळीला दोन तिरके आधार लागतात. पुढचं दार बसवून बघता येईल अशा बेताने आधार थोडा आत घ्या, नाहीतर प्रत्येक वेळी कापून पुन्हा लावायची पाळी येते.

एका वेळी एकच बाजू उघडा. त्या बाजूतही एकच थर. टाइप २ चा उंबरठा तीन थरांचा आहे: आतला, मधला मजबुतीचा आणि बाहेरचा. बाहेरचा कापला की आतले दोन दिसतात. ते पूर्ण होईपर्यंत नव्या बाहेरच्याला हात लावायचा नाही. आज उघडलेलं आज किंवा उद्या बंद करता येईल, एवढंच उघडा. गाडी सगळीकडून उघडून ठेवलेल्या माणसाचा उत्साह दुसऱ्या महिन्यात आटतो. अर्ध्या उघड्या गाड्या लोक भंगाराच्या भावात विकतात त्या याच टप्प्यावर.

कापताना दिसणाऱ्या गंजाच्या पुढे निदान २ ते ३ सेंटीमीटर, म्हणजे मागूनही चकचकीत लोखंड लागेपर्यंत जा. कुजलेल्या काठाला वेल्डिंग धरत नाही. ठिणगी पडताच काठ मागे सरकतो आणि भोक वाढत जातं. असं झालं की मशीनला दोष देऊ नका, आणखी कापा.

अख्खा पत्रा काढायचा असेल तर कारखान्यातले स्पॉट वेल्ड शोधा. कडेवरचा रंग घासला की वाटाण्याएवढ्या गोल खळ्या ओळीने दिसू लागतात. प्रत्येकाच्या मध्यावर पंच मारा आणि खास पात्याने फक्त वरचा थर कापा. मग पातळ छन्नी घालून पत्रा सोडवा. कुजलेला पत्राही सलग काढून जपून ठेवा, नव्याचा आकार जुळवायला तो कामी येतो.

## ७. ठिगळ बनवणं

पुठ्ठा घ्या, भोकावर धरा, कड रेखा, कापा, पुन्हा धरा. पुठ्ठा बरोबर बसला की मग पत्रा. नवा पत्रा मूळ जाडीचाच हवा. बाहेरच्या कवचाला जाड पत्रा लावला तर जोडावर पातळ बाजू जळते. भार पेलणाऱ्या दांड्यांना मात्र मूळ जाडी मोजून तेवढीच घ्या, तिथे पातळ चालणार नाही.

ठिगळाचे कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यावर उष्णता साठते आणि नंतर तिथूनच तडा जातो.

बाहेरच्या पत्र्यावर ठिगळ नुसतं वरून चिकटवू नका. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरतं आणि पुढच्या गंजाची सोय आपल्याच हाताने होते. कडेला कड भिडवून, मध्ये पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवून जोडा. घडीच्या कडांना, जिथे कारखान्यात स्पॉट वेल्ड होते तिथे, वरच्या पत्र्याला ६ मिमीची भोकं पाडून ती वेल्डिंगने भरा. दांड्यांसारख्या जाड पत्र्याला ८ मिमीची भोकं. एकमेकांवर येणाऱ्या पृष्ठांना आधी जस्ताचा प्रायमर लावा, पण नेमकं वेल्डिंग होणार त्या जागी तो खरवडून टाका.

वेल्डिंगआधी सगळं क्लॅम्पने आणि पत्र्याच्या स्क्रूंनी पक्कं करा, आणि दार बसवून लावून बघा. फटी लिहिलेल्या मापांशी जुळल्या तरच पुढे. मी स्वतः प्रत्येक थराला दार लावलं, काढलं, पुन्हा लावलं. कंटाळा येतो, पण मोठा बिघाड या एका सवयीने टळतो.

## ८. वेल्डिंग: टाके घाला, रेघ ओढू नका

आधी टाकाऊ पत्र्यावर सराव करा, गाडीवरून कापलेल्या पण न गंजलेल्या तुकड्यावर. मागून पाहा. छोटा गोल फुगवटा दिसला तर वेल्ड आरपार गेलंय. मागे काहीच नसेल तर ते वरवर बसलंय, आणि घासताना निघून येईल. आवाजही ऐका. नीट जुळलेल्या मिगचा आवाज चुरचुरीत आणि सलग येतो. फट-फट तुटक आला तर तारेचा वेग किंवा व्होल्टेज चुकलंय.

पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढली की पत्रा तापून फुगतो, गार होताना आक्रसतो आणि लाटा पडतात. सपाट पुढच्या पत्र्यावर पडलेली लाट पुट्टीने लपत नाही, उन्हात दिसतेच. म्हणून एका टोकाला एक टाका, दुसऱ्या टोकाला एक, मध्यावर एक. मग साधारण ३ सेंटीमीटरवर टाके. मग दोन टाक्यांच्या मध्ये एकेक. प्रत्येक वेळी आधीच्या जागेपासून लांब उडी मारा. माझा नियम सोपा होता: वेल्डशेजारी उघडा तळहात टेकवून पाच आकडे मोजता आले तरच पुढचा टाका. पुढच्या चाकाच्या कमानीवरचं हातभर लांबीचं ठिगळ बसवायला मला पूर्ण दुपार लागली, आणि त्या कामाला ती लागतेच. ओल्या फडक्याने लगेच गार करायची घाई करू नका. मोकळ्या हवेत गार होऊ द्या.

सगळे टाके जुळले की घासा. जाड ग्राइंडिंग चकती इथे नको, ती शेजारचा मूळ पत्रा पातळ करते आणि तापवते. पापुद्र्यांची चकती हलक्या हाताने फक्त वेल्डच्या उंचवट्यावर चालवा. मग अंधारात मागून टॉर्च धरा. पिनएवढी भोकं चमकतील. ती सीलरने बुजवू नका, वेल्डनेच भरा.

भोकं भरून जोडायचं वेल्डिंग नीट जमत नसेल, तर ज्यावर गाडीचा भार आहे तिथे शिकत बसू नका. बाहेरच्या पत्र्यावर शिका, सांगाड्याचं काम जाणकाराकडून तपासून घ्या.

## ९. जिथे भोक नाही, नुसता गंज आहे

आधी तेलकटपणा काढा, मगच घासा, नाहीतर तेल घासपट्टीने लोखंडात रगडलं जातं. सुटे पापुद्रे वायर ब्रशने काढा. लोखंड चकचकीत दिसलं तरी बारीक खड्ड्यांत काळे ठिपके उरतात आणि पुढचा गंज तिथूनच येतो. त्यासाठी फॉस्फोरिक ॲसिड असलेलं द्रव ठीक असतं. ते गंजाचं लोह फॉस्फेट करतं. पण उरलेलं ॲसिड डब्यावर लिहिल्याप्रमाणे काढून पत्रा पूर्ण कोरडा करा, कारण ॲसिडच्या अंशावर इपॉक्सी नीट धरत नाही. टॅनिक ॲसिडचं द्रव गंजाला निळसर काळं करतं. पापुद्र्यांच्या गंजावर दोन्ही व्यर्थ आहेत. ते वरच्या थरापर्यंतच पोचतात.

मोठ्या सपाट पत्र्यांवर वाळूचा मारा करून घ्यायचा मोह आवरा. उष्णतेने आणि माऱ्याने पत्रा ताणून वाकडा होतो आणि वाळू पोकळ्यांत शिरून ओल धरते. बिजागऱ्या, कंस असले सुटे भाग मात्र सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात रात्रभर बुडवले की छान स्वच्छ होतात. विजेने गंज काढायचा असेल तर धुण्याचा सोडा आणि साध्या लोखंडाचा तुकडा वापरा, स्टेनलेस स्टील कधीही नाही, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. काम उघड्यावर करा, हायड्रोजन वायू निघतो.

## १०. प्रायमर, सीलर, पुट्टी

उघडं लोखंड दमट हवेत काही तासांत तांबूस होतं. म्हणून घासलेल्या भागावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. तो ब्रशने किंवा रोलरनेही लागतो, फवारा लागत नाही. हातमोजे घाला, त्वचेला याची ॲलर्जी जडू शकते. साधा राखाडी प्रायमर मारून गाडी महिनोन्‌महिने तशीच ठेवणाऱ्यांची मला काळजी वाटते. तो प्रायमर पाणी शोषतो आणि आतून गंज सुरूच राहतो.

इपॉक्सी सुकल्यावर सगळ्या जोडांवर सीम सीलर, छताच्या पन्हळीत तर विशेष निगुतीने. जुना सीलर पूर्ण खरवडून काढा, त्याच्यावर नवा लावू नका.

पुट्टी सगळ्यात शेवटी आणि पातळ, कमाल ३ मिमी. हार्डनर साधारण २ टक्के, म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा. रंग एकसारखा होईपर्यंत मळा, मग तुमच्या हातात मोजकी मिनिटंच असतात. पुट्टी कोरडीच घासा, कारण ती पाणी धरते. ८०, १२०, १८० या क्रमाने, लांब ठोकळ्यावर पेपर लावून. नुसत्या बोटांनी घासलं तर चर पडतात. ॲसिडच्या प्रायमरवर पुट्टी मारू नका. इपॉक्सीवर ती छान बसते.

मग भरीव प्रायमर, त्यावर काळ्या रंगाची हलकी फवारणी, आणि ३२०-४०० ने घासणं. काळं जिथे उरतं तिथे खळगा, जिथे लगेच जातं तिथे उंचवटा.

## ११. रंग

इथे मी थोडक्यात सांगतो. दोन घटकांच्या बहुतेक चकचकीत रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो आणि कोळशाच्या मास्कवर भिस्त ठेवता येत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो नसेल तर शेवटचा फवारा रंगशाळेत मारून घ्या. नाहीतर एका घटकाचं इनॅमल रोलरने लावा. पाच-सहा पातळ थर, मध्ये ओलं घासून. या गाड्यांच्या दुरंगी मांडणीला ते खरंच शोभतं. रंगाआधी सगळा पत्रा ४०० ते ६०० ने ओला घासून, पुसून, पूर्ण सुकू द्या.

## १२. मेण, आणि निचऱ्याची भोकं

इतकं सगळं केल्यावर उंबरठ्याच्या आत वेल्डिंगच्या उष्णतेने उघडा पडलेला पत्रा तसाच आहे, तो तुम्हाला दिसत नाही इतकंच. वेल्डिंग आतल्या बाजूचा प्रायमर जाळतं. म्हणून पोकळीचं मेण.

आधी प्रत्येक उंबरठ्याच्या आणि दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. नव्या पत्र्याला ती भोकं नसतील तर जुन्या पत्र्यावरून जागा बघून पाडा. उबदार दिवस निवडा. मेणाचा डबा कोमट पाण्यात ठेवा, आगीजवळ नाही. सगळ्या दिशांनी फवारणारी लांब नळी शेवटपर्यंत आत घाला आणि बाहेर ओढत ओढत मारा. भोकांतून मेण ठिबकायला लागलं की कळतं, ते तळापर्यंत पोचलंय. थेंब थांबले की भोकं पुन्हा मोकळी करा. काही आठवड्यांनी दुसरा हात द्या. पहिला हात जोडांत शिरून जिरलेला असतो.

काचा नव्या रबरासह बसवा. जुनं रबर परत वापरलं तर सगळी मेहनत पहिल्या पावसात वाया जाते. मग अस्तर आणि कपाटं लावण्याआधी गाडी उघडीच ठेवून वरून अर्धा तास पाणी सोडा. दुसरा माणूस आत टॉर्च घेऊन बसू दे. माझ्या गाडीत तेव्हा मागच्या डाव्या काचेच्या कोपऱ्यातून एक बारीक धार आली. रबराची कड दुमडली होती. ती काढून पुन्हा बसवली, पुन्हा पाणी सोडलं, आणि आत बसलेल्या माझ्या मुलीने कोरड्या पत्र्यावर हात फिरवून “बाबा, काही नाही” म्हटल्यावरच पहिलं कपाट आत नेलं.